आठवायचं ते आठवत नाही आणि भलतंच आठवतं

उंबरठा

हा धागा कुठल्या विभागात टाकायचा ते कळेना म्हणून दोनदा लिहून खोडला. चुकीच्या जागी असेल तर हलवा.

सव्वा वर्षापूर्वी गाडीला अपघात झाला. मी मागच्या सीटवर होते. पायात रॉड पडला, दोन ऑपरेशनं झाली, ते सगळं आता ठीक आहे. डोक्याचं मात्र निराळं. पहिले सात-आठ महिने ब्रेकचा आवाज, काच फुटल्याचा आवाज, मानेवरून काहीतरी गरम ओघळल्यासारखं. कुणी कपाट जोरात लावलं की मी परत तिथेच. थेरपी सुरू केली, हळूहळू ते विरळ झालं. आता कधीतरी होतं, तेही झेपेल इतपत.

पण गेला दीड महिना नवीनच सुरू झालंय. अपघाताशी सुतराम संबंध नसलेल्या आठवणी. परवा दात घासताना चौथीतली कंपासपेटी आठवली. तिची बिजागरी तुटलेली, म्हणून मी ती रबरबँडनं बांधायचे. तो ताणतानाचा आवाज आणि पेटीतल्या खोडरबराचा वास. बस, एवढंच. ब्रश तोंडात तसाच आणि मी पाच मिनिटं उभी. दुसऱ्या दिवशी बाबा सायकलची चेन बसवताहेत, बोटं काळीकुट्ट, आणि त्याच बोटानं त्यांनी मला मिशी काढली. तीस वर्षांत हे एकदाही आठवलं नव्हतं. यात वाईट काहीच नाही, तरी मी खाली बसून हमसून हमसून रडले.

आणि अपघाताची मधली दहा-बारा मिनिटं, जी मला खरोखर हवी आहेत, ती कोरीच.

समुपदेशक म्हणतात, होतं असं, येऊ द्या. पण म्हणजे कुणाला होतं? इथे कुणाला झालंय का? मी बरी होतेय की आणखी काही बिघडतंय?

चष्मेबहाद्दर

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर लिहितो. (असं म्हणतो आणि मग विसरतो. निदान आठवणींच्या धाग्यावर तरी तसं होऊ नये.)

सदाफुली

उंबरठा, मला झालंय. अगदी असंच नाही, पण जवळचं.

आमचं घर जळलं होतं. माणसं सगळी सुखरूप बाहेर पडली, घर गेलं. पंचनाम्यासाठी काय काय जळलं त्याची यादी द्यायची होती आणि मला बाहेरच्या खोलीत खुर्च्या किती होत्या तेही सांगता येईना. चार की सहा? त्याच घरात अकरा वर्षं झाडू मारला होता मी. समोरचा माणूस पेन धरून बसलेला आणि माझ्या डोक्यात नुसता धूर.

मग वर्षभरानं, नव्या घरात जरा रात्रीची झोप लागायला लागल्यावर, वस्तू परत यायला लागल्या. एकेक करून, न बोलावता. कपाटाच्या खालच्या खणाची मूठ. तिचा एक स्क्रू सैल होता, डावीकडे दाबून ओढलं तरच खण उघडायचा. ही मूठ मला डोळ्यांना दिसली नाही, आधी हाताला आठवली. अंधारात पडल्या पडल्या मनगट आपोआप डावीकडे वळलं. मी घाबरले, नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, अगं तो खण मीच दुरुस्त करणार होतो. मग आम्ही दोघं रात्री दोन वाजता त्या खणात काय काय होतं ते आठवत बसलो.

मी वहीत लिहून ठेवायला लागले. २१२ वस्तू झाल्या. विमेवाल्यांनी तोवर फाइल बंद केली होती, तो भाग वेगळा.

तर बिघडत नाहीये गं. माझा अनुभव तरी असा की ह्या गोष्टी डोकं जरा मोकळं झाल्यावरच आल्या.

तिरकस

सदाफुली, खुर्च्या किती होत्या शेवटी?

सदाफुली

पाच. सहावी आम्ही शेजारी दिली होती, ती अजून त्यांच्याकडे आहे. :)

तिरकस

आता जरा थंड पाणी. राग मानू नका.

अशा आपोआप टपकणाऱ्या आठवणी सगळ्यांनाच येतात, धक्का बसलेला असो वा नसो. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं १८८५ सालीच लिहून ठेवलंय की काही आठवणी आपण प्रयत्नानं आणतो आणि काही स्वतःहून येतात. अलीकडच्या संशोधकांनी लोकांना वही देऊन नोंदी करायला लावल्या, तर असल्या आठवणी रोजच्या रोज येतात असं दिसलं. बहुतेक वेळा हात कामात आणि डोकं रिकामं असताना. दात घासणं, भांडी घासणं, वाट बघणं. एरवी आपण त्या झटकून पुढे जातो. उंबरठा यांनी वर्षभर स्वतःच्या डोक्यावर पहारा ठेवलाय, त्यामुळे आता प्रत्येक मांजर त्यांना चोर वाटतंय.

कंपासपेटीत अर्थ शोधू नका. कंपासपेटीत कर्कटक असतं.

निशिगंध

कर्कटकाला अनुमोदन. पण तिरकस, माणूस रडतोय तिकडे आणि तुम्ही एबिंगहाउस सांगताय.

तिरकस

रडतोय म्हणूनच सांगतोय. "हे सगळ्यांना होतं" हे ऐकून मला माझ्या वेळेला जितकं बरं वाटलं तितकं कशानंही नाही. माझी वेळ कुठली ते विचारू नका.

लोलक

मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडं लांबेल. इथलं माझं बोलणं म्हणजे सल्ला नव्हे. उंबरठा, तुमच्या समुपदेशकांना तुम्ही रोज दिसता, मी तुम्हाला फक्त वाचतेय.

तिरकस यांचं अर्धं पटतं. आपोआप येणारी आठवण स्वतःच आजार नव्हे. फ्लॅशबॅक वेगळा असतो. आठवणीत "तेव्हा असं झालं" असतं, फ्लॅशबॅकमध्ये "आत्ता होतंय" असतं. उंबरठांनीच लिहिलंय बघा, कपाट वाजलं की "मी परत तिथेच". कंपासपेटीच्या वेळी मात्र त्यांना ब्रश तोंडात आहे हे कळत होतं. हा फरक इतका महत्त्वाचा मानतात की २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आघातानंतरच्या तणावविकाराची व्याख्या करताना घटना पुन्हा "वर्तमानात" घडल्यासारखी वाटणं ही मुख्य खूण धरली आहे. १९८० साली हे निदान पहिल्यांदा अमेरिकन यादीत आलं, तेव्हापासून व्याख्या बऱ्याच बदलल्या, पण घटना मनात नको तेव्हा परत परत येणं हा गाभा कायम आहे.

आता उरलेलं अर्धं. १९८६ साली विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांना साधे शब्द दिले आणि प्रत्येक शब्दावर एक नेमका प्रसंग सांगायला सांगितलं. त्यांना नेमका प्रसंग सापडायला जड जायचं, विशेषतः सुखाच्या शब्दांवर. "आनंदी" म्हटलं की "लहानपणी फिरायला जायचो तेव्हा" असं घाऊक उत्तर. "त्या दिवशी अमुक झालं" असं सुटं उत्तर येईना. पुढे नैराश्यात आणि आघात सोसलेल्या लोकांमध्येही हेच वारंवार दिसलं. एक स्पष्टीकरण असं की नेमक्या आठवणींच्या खोलीत एक भयंकर वस्तू ठेवलेली असली की माणूस त्या खोलीतच जायचं टाळतो, आणि मग तिथल्या बाकीच्या चांगल्या वस्तूही हाताला लागत नाहीत.

रबरबँड ताणतानाचा आवाज ही फार नेमकी आठवण आहे. सदाफुलींची मूठ तर त्याहून. मी माझ्यासमोर बसलेल्यांकडून असलं काही ऐकलं की मनात खूश होते, पण ताबडतोब "तुम्ही बऱ्या झालात" असं म्हणत नाही. कारण काही जणांना पुढच्याच आठवड्यात पुन्हा जड जातं.

चांगल्या आठवणीनं रडू का येतं? याचं एकच उत्तर मला देता येणार नाही. बऱ्याच महिन्यांत काही वाटलंच नसेल तर पहिल्यांदा काहीही वाटलं तरी डोळे भरतात, हे मी पाहिलंय.

मधली_सुट्टी

लोलक, तुम्ही छान लिहिलंय, पण मला एक सांगायचंय. चांगल्या आठवणी म्हणजे बरं होण्याची खूण, हे ऐकायला गोड आहे. सगळ्यांना त्या हव्या असतात असं नाही.

आमच्या अपघातात माझा मित्र गेला. मी गाडी चालवत होतो. चूक समोरच्याची होती हे कागदावर सिद्ध झालंय. मला रात्री तो अपघात दिसतो तेव्हा निदान मला माझी जागा माहीत असते. पण मध्येच, ऑफिसात, तो कधी केलेल्या विनोदावर हसताना आठवतो आणि मला हसू फुटतं. आणि मग पुढचे दोन दिवस मी स्वतःचं तोंड आरशात बघू शकत नाही.

मला त्या आठवणी नको आहेत. वाईट चालतील.

सदाफुली

मधली_सुट्टी, किती दिवस झाले?

मधली_सुट्टी

सात महिने.

सदाफुली

मी काही बोलत नाही. इथे आहे.

कुंपण

उंबरठांच्या त्या दहा-बारा मिनिटांबद्दल. मी दुचाकीवरून पडलो होतो, डोक्याला मार. माझे चार दिवस गेले. तेव्हा सगळ्यांना ओळखत होतो म्हणे, नर्सशी भांडलो म्हणे, भावाला "तू उंच झालास" म्हणालो म्हणे. मला यातलं शून्य आठवतं.

मी ते चार दिवस परत मिळवायचा चंग बांधला होता. शेवटी डॉक्टरांनी समजावलं की डोक्याला मार लागल्यावर त्या काळातल्या गोष्टी मेंदूत नोंदवल्याच जात नाहीत. कुठे तरी लपून बसलेल्या नाहीत, म्हणून शोधून सापडणार नाहीत. कॅमेरा चालू होता, आत रीळच नव्हतं. आधी फार राग आला, मग सुटल्यासारखं वाटलं.

पण गंमत पुढे आहे. दोन वर्षांनी मला पडल्याचा क्षण "आठवायला" लागला. स्पष्ट. रस्ता, खडी, घसरणारी गाडी. मी बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, तुला तुझं हेल्मेट कुठल्या रंगाचं दिसतं? म्हटलं लाल, मागे पांढरा पट्टा. ती म्हणाली, तू ते घातलं होतंस ना? मग तुला त्याची मागची बाजू कशी दिसली?

मी माझा अपघात फुटपाथवर उभा राहून बघत होतो! लोकांनी शंभरदा सांगितलेली गोष्ट डोक्यानं चित्रपट करून परत मलाच विकली.

तिरकस

हा या धाग्यावरचा आतापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद. वहिनींना माझा नमस्कार.

लोलक

कुंपण, छान सांगितलंत. एक भर: लोकांना कधी कधी स्वतःची खरी आठवणसुद्धा बाहेरून बघितल्यासारखी दिसते, त्यामुळे फक्त तेवढ्यावरून आठवण खोटी ठरत नाही. तुमच्या बाबतीत मात्र वहिनींचं बरोबर असावं. आणि उंबरठा, तुमच्या डोक्याला मार लागला होता का? नसेल तर कारण वेगळंही असू शकतं. हे डॉक्टरांना विचारायला हवं, आम्हाला नाही.

कोरी_पाटी

नवीन आहे. इथे विचारावं की नाही कळत नाही. मला एका ऑपरेशननंतर, त्याचाच धक्का मोठा होता, लहानपणीचं काहीतरी आठवायला लागलंय. चांगलं नाही. एक खोली, एक माणूस, दार. आधी कधीच आठवलं नव्हतं. कुंपण यांचं वाचून आता वाटतंय की मीही हे बनवलंय. घरात बोलू का?

कुंपण

अरेरे. नाही नाही, माझा गाढवपणा वेगळा होता. तुमच्याबद्दल मी काहीही म्हटलेलं नाही हो.

लोलक

कोरी_पाटी, विचारलंत हे बरं केलंत.

दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. घडलेलं नसताना आठवण तयार होऊ शकते. १९९५ च्या लॉफ्टस आणि पिकरेल यांच्या प्रयोगात २४ जणांना, लहानपणी बाजारपेठेत हरवल्याची खोटी गोष्ट घरच्यांच्या खऱ्या गोष्टींत मिसळून दिली, तर साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती पूर्ण किंवा थोडी आठवली. आणि घडलेलं असूनही वर्षानुवर्षं आठवणीबाहेर राहिलेलं, नंतर आठवलेलं आणि दुसरीकडून पुरावा मिळालेलं, असंही झालेलं आहे. आठवण किती स्पष्ट आहे किंवा किती रडू येतं, यावरून ती यांपैकी कुठली ते बाहेरच्या कुणालाही ठरवता येत नाही. मलाही नाही.

म्हणून आत्ता "खरं की खोटं" याचा निकाल लावायची घाई नको. फक्त या आठवणीच्या आधारावर आजच घरात कुणासमोर उभ्या राहू नका, पण ती दाबूनही टाकू नका. जेवढं आलं तेवढंच तारीख घालून लिहा, रिकाम्या जागा भरू नका. प्रशिक्षित माणसाशी बोला. जो पहिल्याच भेटीत "हे नक्की घडलंय" म्हणेल, किंवा संमोहनानं पुढचं काढून देतो म्हणेल, त्याच्याकडून उठून या. जो "तुमची कल्पना आहे" म्हणेल त्याच्याकडूनही. आणि तो माणूस आजही तुमच्या किंवा कुठल्या लहान मुलाच्या आसपास असेल तर मात्र थांबू नका, आधी सुरक्षिततेचं बघा.

झोप, खाणं ठीक आहे का? स्वतःला इजा करावीशी वाटते का? वाटत असेल तर आजच जवळच्या कुणाला तरी सांगा. मला निरोप पाठवलात तरी चालेल.

कोरी_पाटी

तो माणूस आता हयात नाही. झोप नाही. इजा वगैरे नाही. निरोप पाठवते. धन्यवाद.

खारूताई

(जड झालंय, जरा खिडकी उघडते.)

वासांबद्दल कुणीच बोललं नाही! मला दवाखान्यातल्या फिनेलच्या वासानं अजून पोटात ढवळतं, आणि नव्या वहीच्या वासानं मी आठ वर्षांची होते. वासाची वाट म्हणे बाकीच्या इंद्रियांसारखी मेंदूतल्या मधल्या नाक्यावर थांबत नाही, भावनांच्या आणि आठवणींच्या भागाकडे जवळजवळ थेट जाते. म्हणून आधी पोटात गोळा येतो आणि कशामुळे ते नंतर कळतं.

निशिगंध

माझ्या नाकाला टोलनाकाच नाही, हे आज कळलं.

खारूताई

आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांवरचा प्रयोग ऐकलाय ना? १९७५ चा. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच चांगले आठवतात. तसं उंबरठा, तुम्ही इतके महिने पलंगावर होतात, लहानपणी आजारी पडून झोपायचो तसं. म्हणून लहानपण आलं असेल.

तिरकस

तो प्रयोग २०२१ मध्ये पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. पण कल्पना सुंदर आहे, हे मान्य.

खारूताई

तुम्ही लग्नातही असेच वागता का? (दिवे घ्या.)

उंबरठा

सगळ्यांचे आभार, रोज वाचतेय. लोलक, डोक्याला मार लागला नव्हता असं रिपोर्टवर आहे, तरी परत विचारीन. कुंपण, तुमच्या हेल्मेटवर मी अपघातानंतर पहिल्यांदा अपघाताच्या गोष्टीला हसले.

आता ऐका. मी आईला फोन केला. म्हटलं, बाबांनी सायकलच्या काळ्या बोटानं मला मिशी काढली होती, आठवतं? आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, तुझ्या बाबांनी उभ्या जन्मात सायकलला हात लावला नाही. चेन पडली की धाकटे काका बसवायचे. आणि मिशी तुला नाही, तुझ्या भावाला काढली होती. तू टाळ्या पिटत होतीस.

म्हणजे मिशी माझी नाही आणि बोट बाबांचं नाही. मग मी रडले कशाला?

तिरकस

वंगण खरं होतं. कर्कटकही असणारच.

सदाफुली

टाळ्या तुझ्या होत्या की.

लोलक

उंबरठा, यात विचित्र काही नाही. आठवण प्रत्येक वेळी नव्यानं जुळवली जाते, हे बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्येच दाखवलं होतं. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की पक्की झालेली भीतीची आठवणसुद्धा पुन्हा जागी केली की थोडा काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. आघातावरच्या काही उपचारांमागे हेच असावं असं बरेच जण मानतात. तुम्ही थेरपीत वर्षभर एक आठवण पुन्हा पुन्हा उघडून बंद केलीत. खणांचे स्क्रू ढिले झाले असतील. :)

कुंपण

भावाला विचारलंत का? त्याच्याकडे तिसरीच आवृत्ती असेल.

उंबरठा

विचारलं. तो म्हणतो आपल्याकडे सायकलच नव्हती.

निशिगंध

हाहाहा

खारूताई

चष्मेबहाद्दर यांचा रुमाल अजून इथेच पडलाय, कुणी उचलू नये.

मधली_सुट्टी

धागा वर काढतोय, तीन महिने झाले. रागानं लिहिलं होतं तेव्हा. मी नंतर जायला लागलो एकांकडे. अजून अवघड आहे.

गेल्या आठवड्यात बूट घालताना एक आठवलं. तो पत्ते खेळताना एक पान मोज्यात लपवायचा. कायम. मला दिसायचं आणि मी कधी बोललो नाही, कारण तो लपवूनही हरायचा. मी त्याच्या आईला भेटायला टाळत होतो ना, गेलो या रविवारी. हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्याशी खेळतानापण तेच करायचा, मला वाटायचं मलाच दिसतंय. मग आम्ही दोघंही काही बोललो नाही, पण बराच वेळ बसलो.

दोन दिवस वाईट गेले त्यानंतर. या वेळी दोनच गेले.

तिरकस

कुठलं पान?

मधली_सुट्टी

इस्पिकचा गुलाम.

तिरकस

मग हरणारच. एक्का तरी लपवायचा.